दुखणे थांबले, मग खेळायला हरकत काय? फुटबॉलच्या इतिहासातून एक उत्तर

दुखापतीतून उठलेल्या खेळाडूचा प्रश्न ठरलेला असतो: "डॉक्टर, आता दुखत नाही. मॅच खेळू ना?" वरवर हा एकच प्रश्न वाटतो, पण त्यात दोन प्रश्न आहेत. जखम भरली का, हा पहिला. पूर्ण सामन्याचा ताण तो भाग सोसेल का, हा दुसरा. या दोन्हींची गल्लत मोठमोठ्या संघांनीही केली आहे. फुटबॉलच्या इतिहासातली काही उदाहरणे पाहिली की हे चटकन लक्षात येते.

पुश्काशचा घोटा, १९५४

एक गोष्ट आधी लक्षात घ्यावी. १९७० पर्यंत विश्वचषकात बदली खेळाडू घेण्याची सोयच नव्हती. अर्धवट बरा झालेला खेळाडू मैदानात लंगडू लागला, तर संघाला जवळजवळ दहा जणांनिशी खेळावे लागे.

१९५४ च्या स्वित्झर्लंडमधील विश्वचषकात हंगेरीचा संघ चार वर्षे अपराजित होता. साखळी सामन्यात त्यांनी पश्चिम जर्मनीला ८-३ असे हरवले, पण त्याच सामन्यात कर्णधार फेरेन्क पुश्काशचा घोटा दुखावला. पुढचे दोन सामने, ब्राझील आणि उरुग्वेविरुद्धचे, हंगेरीने त्याच्याशिवाय जिंकले. दुखापतीनंतर चौदा दिवसांनी, ४ जुलैला, बर्न येथे अंतिम सामना होता. पुश्काश पूर्ण बरा नव्हता, तरी त्याला घेतले. सहाव्या मिनिटाला त्याने गोलही केला. हंगेरी २-० ने पुढे गेली आणि शेवटी ३-२ अशी हरली.

हार केवळ त्याच्या घोट्यामुळे झाली, असे म्हणता येणार नाही. सामन्याच्या निकालावरून वैद्यकीय निर्णय बरोबर की चूक हे ठरत नसते. पण दुखरा घोटा एक गोल करू शकतो म्हणजे तो नव्वद मिनिटे टिकेल, असे होत नाही. घोट्याच्या लिगामेंटमध्ये तोल सांभाळणाऱ्या संवेदना असतात. सूज आणि वेदना गेल्यावरही त्या पूर्ववत व्हायला वेळ लागतो, आणि दमलेला पाय पुन्हा मुरगळतो.

पेले आणि ग्रीव्हज, १९६६

१९६६ च्या इंग्लंडमधील विश्वचषकात दोन उलट निर्णय झाले.

बल्गेरियाविरुद्ध पेलेला प्रतिस्पर्ध्यांनी लाथांनी बेजार केले. पुढच्या सामन्यात त्याला विश्रांती दिली आणि ब्राझील हंगेरीकडून हरला. मग जिंकण्याची निकड आली आणि १९ जुलैला पोर्तुगालविरुद्ध तो पूर्ण सावरलेला नसताना उतरला. पुन्हा मार बसला. बदली खेळाडू नसल्याने तो लंगडत मैदानात राहिला. ब्राझील ३-१ असा हरून स्पर्धेबाहेर गेला.

दुसऱ्याच दिवशी इंग्लंडच्या जिमी ग्रीव्हजची नडगी फ्रान्सविरुद्ध फाटली. चौदा टाके पडले. त्याच्या जागी आलेल्या जेफ हर्स्टने अर्जेंटिनाविरुद्ध सामन्यातला एकमेव गोल केला. अंतिम सामन्यापर्यंत ग्रीव्हज खेळण्याजोगा झाला होता, पण प्रशिक्षक आल्फ रॅम्सी यांनी संघ बदलला नाही. ३० जुलैला हर्स्टने तीन गोल केले आणि इंग्लंड ४-२ ने जिंकले. त्या वेळी पदके मैदानावरच्या अकरा जणांनाच मिळत. ग्रीव्हजला त्याचे पदक मिळाले २००९ मध्ये.

संघाच्या दृष्टीने रॅम्सी यांच्याकडे बोट दाखवणे कठीण आहे. पण डॉक्टर म्हणून मला याची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची वाटते. दुखापत सांगितली की जागा जाते, हे खेळाडूच्या मनात बसले, की तो दुखणे लपवू लागतो. डॉक्टरांच्या तपासणीला रुग्णाच्या खऱ्या बोलण्याची जोड लागते. ती नसेल तर एमआरआयही अपुरा पडतो. म्हणून संघाचे धोरण हा आरोग्याचाही विषय आहे. बरा झाल्यावर जागेसाठी पुन्हा न्याय्य संधी मिळेल, एवढा भरवसा खेळाडूला हवा.

रोनाल्डोचा गुडघा, १९९९ ते २००२

नोव्हेंबर १९९९ मध्ये इंटर मिलानकडून खेळताना ब्राझीलच्या रोनाल्डोच्या गुडघ्याच्या वाटीखालचे टेंडन फाटले. शस्त्रक्रिया झाली. सुमारे पाच महिन्यांनी, १२ एप्रिल २००० रोजी, तो लाझिओविरुद्ध बदली खेळाडू म्हणून उतरला आणि काही मिनिटांतच कोसळला. या वेळी टेंडन पूर्ण तुटले होते.

टेंडनला रक्तपुरवठा कमी असतो. शिवलेला भाग जुळून येतो, पण त्यातल्या तंतूंना बळकटी यायला कित्येक महिने लागतात. दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर रोनाल्डो वर्षाहून अधिक काळ मैदानाबाहेर राहिला. २००२ च्या विश्वचषकासाठी प्रशिक्षक स्कोलारी यांनी त्याच्यावर विश्वास टाकला. त्याने स्पर्धेत आठ गोल केले, त्यातले दोन अंतिम सामन्यात. गुडघा तोच होता, फक्त त्याला वेळ मिळाला होता.

आपण काय घ्यावे?

- वेदना थांबणे ही पहिली पायरी आहे, शेवटची नव्हे. गोळी किंवा इंजेक्शनने थांबलेली वेदना तर हिशेबातच धरू नये.
- क्रम पाळा: न लंगडता चालणे, सरळ धावणे, वळणे आणि एकदम थांबणे, चेंडूसह सराव, संघाबरोबर पूर्ण सराव, आणि मग सामना. एखाद्या पायरीवर दुखले किंवा सूज आली, तर एक पायरी मागे या.
- दुखऱ्या पायाची ताकद दुसऱ्या पायाच्या साधारण ९० टक्के तरी झाली आहे का, हे फिजिओथेरपिस्टकडून तपासून घ्या.
- गुडघ्याच्या एसीएल लिगामेंटच्या शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांच्या आत परतल्यास पुन्हा दुखापत होण्याचा धोका बराच वाढतो.
- पहिल्या सामन्यात शेवटची पंधरा-वीस मिनिटेच खेळा. आज बदली खेळाडूंची सोय आहे, तिचा उपयोग करावा.

शाळेच्या किंवा क्लबच्या संघाची निवड करणाऱ्यांना आणि पालकांना एक विनंती. "शरीर तयार आहे का" हे डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्टना आधी ठरवू द्या. "संघात घ्यायचे का" हे प्रशिक्षकांनी त्यानंतर ठरवावे. उद्याचा सामना कितीही मोठा असला, तरी हा क्रम उलटा करू नका. मुलाने "सर, अजून दुखतंय" म्हटले तर त्याला भित्रा ठरवू नका. त्याने खरे सांगितले, हेच पुरेसे मानून त्याची जागा राखून ठेवा.