राजवाड्यांच्या आतले कोल्हापूर

कोल्हापुरातल्या जुन्या दगडी इमारती कोणाच्या, असे विचारले की जाणकार पहिले नाव मेजर चार्ल्स मँट यांचे घेतात. टाऊन हॉल, समोरचे सीपीआर हॉस्पिटल, नवा राजवाडा हे सगळे त्यांच्या आराखड्यांतून उभे राहिले. मँट १८८१ मध्ये वारले. नव्या राजवाड्याचे काम पुढे १८८४ पर्यंत चालले, म्हणजे पुरा झालेला वाडा त्यांनी पाहिलाच नाही. एवढा तपशील शहराला ठाऊक आहे. मात्र त्या दगडी भिंतींच्या आत तक्तपोशी कोणी मारली, झुंबरे कुठे टांगायची हे कोणी ठरवले, दिवाणखान्याचा रंग कोणी निवडला, असे विचारले तर सांगणारा सापडत नाही. बाहेरच्या दगडाला इतिहासकार मिळाला, आतल्या कामाला मिळाला नाही. आणि इमारत पुढच्या पिढीला उपयोगी पडणार की कुलूपबंद होणार, हे बरेचदा या आतल्या कामावरच ठरते.

कोल्हापुरात हे काम करणारी माणसे नव्हती असे मुळीच नाही. उलट या शहराइतकी ती फार थोड्या गावांत असतील. सुतार, पाथरवट, गवंडी, चितारी यांची घराणी संस्थानाच्या आश्रयाने इथे नांदली. आबालाल रहिमान हे शाहू महाराजांच्या दरबारचे चित्रकार. बाबूराव पेंटर मूळचे मेस्त्री घराण्यातले. ते आणि त्यांच्या नात्यातले आनंदराव यांनी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले. सपाट कापडावर महाल, रस्ता, अरण्य असे रंगवायचे की शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही खोली जाणवावी, हे त्यांचे कसब होते. बाबूरावांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झालेले फत्तेलाल आणि दामले पुढे १९२९ मध्ये कोल्हापुरातच स्थापन झालेल्या ‘प्रभात’चे आधारस्तंभ बनले. ‘अयोध्येचा राजा’ हा १९३२ चा बोलपट कोल्हापुरातला, आणि त्यातले राजमहाल उभे करण्याचे काम याच परंपरेतल्या हातांचे.

हे साल मुद्दाम ध्यानात ठेवण्यासारखे आहे. कारण एकीकडे स्टुडिओत लाकूड, कापड आणि रंगाचे महाल उभे राहत होते, त्याच वर्षांत रंकाळ्याच्या काठावर खराखुरा महाल बांधला जात होता.

तो शालिनी पॅलेस. राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत, १९३१ ते १९३४ या काळात तो पुरा झाला आणि राजकन्या शालिनीराजे यांचे नाव त्याला मिळाले. काळा दगड आणि इटालियन संगमरवर, मधोमध घड्याळाचा मनोरा, कोरीव लाकडी दारांना बेल्जियन काचा आणि त्या काचांवर कोल्हापूर संस्थानाची मुद्रा. भोवती ताडामाडांची बाग, समोर रंकाळ्याचे पाणी. मँटच्या नव्या राजवाड्यात दरबाराचा थाट आहे. अष्टकोनी मनोरा आणि शिवचरित्रातले प्रसंग दाखवणाऱ्या रंगीत काचा पाहताना माणूस नकळत ताठ उभा राहतो. शालिनी पॅलेसचा स्वभाव वेगळा होता. तो विसाव्याचा वाडा होता.

बांधून पंधरा वर्षे होतात तोच काळ फिरला. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. १९७१ मध्ये संस्थानिकांचे तनखे बंद झाले. देशभरातल्या राजघराण्यांपुढे तेव्हा एकच सवाल होता: एवढे मोठे वाडे सांभाळायचे कशाच्या जोरावर? कोल्हापूरच्या छत्रपती घराण्याने १९७४ मध्ये नव्या राजवाड्याचा तळमजला छत्रपती शहाजी संग्रहालय म्हणून लोकांना खुला केला आणि वरच्या भागातला राहता वावर तसाच ठेवला. हा निर्णय फार शहाणपणाचा ठरला. वस्तू होत्या त्या वास्तूतच राहिल्या. शस्त्रे, पोशाख, शिकारीच्या स्मृती पाहायला आजही शाळांच्या सहली येतात.

टाऊन हॉलची गोष्टही अशीच. १८७२ ते १८७६ मध्ये बांधलेले हे सभागृह. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५-४६ मध्ये ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी उत्खनन केले. ब्रह्मपुरीत सापडलेल्या वस्तूंसाठी संग्रहालय निघाले आणि ते पुढे टाऊन हॉलमध्ये नांदू लागले. समुद्रदेव पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती तिथेच आहे, दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोमन व्यापाराची खूण. उंच छत आणि प्रशस्त दालन असल्यामुळे सभागृहाचे संग्रहालय करताना मोडतोड फारशी करावी लागत नाही.

हॉटेलाचे तसे नसते. संग्रहालयाला पाहुणा दोन तास सांभाळायचा असतो, हॉटेलाला चोवीस तास. प्रत्येक खोलीला स्वतंत्र न्हाणीघर हवे, गरम पाणी हवे, वातानुकूलन हवे, शंभर ताटांचे स्वयंपाकघर हवे. दोन-अडीच फुटी दगडी भिंतीतून पाण्याचा नळ न्यायचा तर कुठे छिद्र पाडायचे, हा प्रश्न सौंदर्याचा असतो तितकाच ओलीचाही असतो. जुनी चिनाई घाण्यात मळलेल्या चुन्याची. ती श्वास घेते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा आणि प्लास्टिकचा रंग चढवला की पावसाळ्यातली ओल आत अडकते आणि पोपडे धरू लागतात. कोल्हापूरच्या पावसात ही चूक चार महिन्यांत उघडी पडते. म्हणून वाड्याचे हॉटेल करणाऱ्या अंतर्सजावटकाराला पडद्यांच्या कापडाआधी भिंत कळावी लागते.

हे शास्त्र भारतात घडले ते मुख्यतः राजस्थानात. उदयपूरच्या लेक पॅलेसची सजावट साठच्या दशकात दिदी कॉन्ट्रॅक्टर यांनी केली. नाशिक आणि जुहूत संसार केलेल्या या बाई पुढे हिमाचलात मातीच्या घरांसाठी नावाजल्या. नंतर लेक पॅलेस आणि जयपूरचा रामबाग ताज समूहाकडे आले. समूहाचे प्रमुख होते अजित केरकर, आणि हॉटेलांच्या अंतर्सजावटीची धुरा त्यांच्या पत्नी एलिझाबेथ केरकर यांनी वर्षानुवर्षे वाहिली. जुने फर्निचर, चित्रे, कापड यांना त्यांनी हॉटेलाच्या व्यवहारात मानाचे स्थान दिले. 

शालिनी पॅलेस १९८७ मध्ये हॉटेल झाला. महाराष्ट्रात राजवाड्यात राहण्याची सोय तेव्हा दुर्मीळ, त्यामुळे त्याचा बोलबाला झाला, चित्रीकरणेही झाली. पुढे ते हॉटेल बंद पडले. उदयपूर आणि कोल्हापूर यांच्यात इथेच फरक पडतो. उदयपूरला पाहुणा महालात राहायला म्हणूनच जातो. कोल्हापूरला येणारा बहुतेक माणूस अंबाबाईचे दर्शन घेतो, जोतिबा-पन्हाळा करतो, तांबडा-पांढरा रस्सा ओरपतो आणि रात्रीच्या गाडीने परततो. अशा गावात नुसत्या संगमरवरावर वाडा चालत नाही. पाहुण्याने एक रात्र जास्त थांबावे असे काहीतरी आत असावे लागते.

सावंतवाडीने ते शोधले. तिथले शिवरामराजे आणि राणी सत्वशीलादेवी यांनी मरणपंथाला लागलेला गंजिफा पत्त्यांचा आणि लाखकामाचा धंदा राजवाड्यातच कारागीर बसवून जगवला. आता त्याच आवारात छोटे हॉटेल आहे आणि खोल्यांच्या सजावटीत गंजिफातले दशावतार आहेत. सजावट बाहेरून आणावी लागली नाही. कोल्हापूरकडे तर चितारी, पडदे रंगवणारे, साज घडवणारे सोनार, चपलांचे कारागीर, केवढा साठा! शालिनी पॅलेसच्या भिंतींना तो मिळाला असता तर त्या वास्तूचे नशीब वेगळे असते, असे ठामपणे म्हणावेसे वाटते.

आतल्या कामाची नोंद नसली की काय होते, हे शहराने ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री पाहिले. शाहू महाराजांनी १९१५ मध्ये पॅलेस थिएटर म्हणून उघडलेले केशवराव भोसले नाट्यगृह आगीत जळाले, तेही केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री. भिंती पुन्हा बांधता येतात. लाकडी रंगमंच, छत आणि त्या दालनातला आवाज जसाच्या तसा परत आणायचा तर मापे लागतात, छायाचित्रे लागतात, जुन्या कारागिरांच्या आठवणी लागतात.

ही सामग्री सरकारी दप्तरात कमी आणि घराघरांत जास्त आहे. शिवाजी पेठेत, शाहूपुरीत, राजारामपुरीत कोणाच्या कपाटात नाट्यगृहातल्या प्रयोगाचे फोटो असतील, शालिनी पॅलेसमधल्या समारंभाचा अल्बम असेल, आजोबांनी नव्या राजवाड्यात केलेल्या सुतारकामाची वही असेल. ती रद्दीत घालू नका. फोटोच्या मागे साल आणि नावे लिहा आणि त्यांची एक प्रत टाऊन हॉलच्या संग्रहालयाकडे किंवा एखाद्या वास्तुकला महाविद्यालयाकडे पोहोचती करा.