१५ फेब्रुवारी १९८९ : अमूदर्यावरचा पूल

सोव्हिएत फौजांचे सेनापती जनरल बोरिस ग्रोमोव्ह यांनी या दिवशी अमूदर्यावरचा मैत्री पूल ओलांडला आणि अफगाणिस्तानातून सैन्यमाघार पूर्ण झाली. आता काबूलमधले सोव्हिएतधार्जिणे नजीबुल्ला सरकार फार टिकत नाही, असाच बहुतेकांचा अंदाज होता. पण पाकिस्तानच्या पाठबळावर सरकारविरोधी मुजाहिदीन बंडखोरांनी मार्चमध्ये जलालाबादवर केलेला हल्ला फसला. सरकार तगले ते मॉस्कोहून येणाऱ्या धान्य, इंधन आणि शस्त्रांवर. १९९२च्या आरंभी ही रसद तुटली. दोस्तम यांच्यासारखे सरदार फुटले आणि एप्रिलमध्ये काबूल पडले. शहराचे खरे हाल त्यानंतरचे. मुजाहिदीन गटांच्या आपसातल्या रॉकेटमाऱ्यात सामान्य माणसे भरडली गेली. काबूलवरचे संकट तिथेच संपले नाही. ऑगस्ट २०२१मध्ये तालिबान पुन्हा काबूलमध्ये शिरले, तेव्हा पुण्यात शिकणारी अफगाण मुले घरच्यांच्या काळजीने हवालदिल झाली होती.