तांड्याचा उन्हाळी बेत : लदेणीपासून पोहरादेवीच्या यात्रेपर्यंत

१/
उन्हाळ्यात सहकुटुंब कोठे जायचे हे महिनोन्‌महिने आधी ठरवणे ही रेल्वेच्या आरक्षणाने आणि शाळेच्या वेळापत्रकाने लावलेली नवी सवय मानली जाते. दर रामनवमीला पोहरादेवीस जमणाऱ्या बंजारा कुटुंबांचा इतिहास पाहिला, तर ही समजूत टिकत नाही.

२/
वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातील हे गाव म्हणजे बंजारा समाजाची काशी. संत सेवालाल महाराज (१७३९–१८०६) यांची समाधी आणि जगदंबेचे स्थान येथे आहे. चैत्र शुद्ध नवमीला महाराष्ट्राबरोबरच तेलंगणा, कर्नाटक आणि आंध्रातूनही लोक येतात. वऱ्हाडात तेव्हा उन्हाचा तडाखा सुरू झालेला असतो. तरीही घरातली म्हातारी माणसे आणि तान्ही मुले मागे ठेवली जात नाहीत. या प्रथेमागे तांड्याच्या जुन्या जगण्याची शिस्त दिसते.

३/
बैलांच्या पाठीवर माल लादून दूरदेशी नेण्याचा व्यापार म्हणजे लदेणी. ‘लमाण’ हे नाव ‘लवण’ म्हणजे मीठ या शब्दावरून आले, असे अनेक अभ्यासक मानतात. १६३२ साली पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाला उत्तर हिंदुस्थानात १४,००० बैलांचा एक तांडा भेटला. बायकामुले आणि सारा संसार सोबत होता. हे लोक दिवसाला फार तर सहा-सात मैल चालतात, तेही थंड वेळी, अशी नोंद त्याने केली आहे.

४/
हा वेग ध्यानात ठेवून एक हिशेब करून पाहावा. रेल्वे येण्यापूर्वी वऱ्हाडचा कापूस बैलांवरून गंगाकाठच्या मिर्झापूरला जात असे. अंतर सुमारे ५०० मैल. रोज सात मैल धरले, तरी एका फेरीला सत्तर-बहात्तर दिवस लागतात आणि जाऊन-येऊन पाच महिने होतात. मृग नक्षत्र जूनच्या पहिल्या आठवड्यात लागते. म्हणजे जानेवारीत न निघालेला तांडा पावसाआधी माघारी पोहोचूच शकत नव्हता.

५/
उशीर झाला तर काय होई? भिजलेला कापूस इतका जड होई की बैलांना तो पेलवत नसे. काळ्या जमिनीच्या चिखलात पाय रुतत, आणि ओझे रस्त्यातच टाकण्याची वेळ येई. कुटुंब मागे सुरक्षित नव्हते, त्याच चिखलात सोबत होते. त्यामुळे नाईकाचा अंदाज चुकणे म्हणजे केवळ व्यापारातली खोट नव्हे. लेकराबाळांच्या जिवावर बेतणारी गोष्ट होती.

६/
म्हणून नाईक हे पद निव्वळ मानाचे नव्हते. कोणत्या मुक्कामाला पाणी चैत्रापर्यंत टिकते, हजारो जनावरांना चारा कोठे मिळेल, कोणता घाट बाळंतिणीला झेपेल, हे सारे निघण्यापूर्वीच ठरवावे लागे. नकाशे नव्हते, मागच्या फेऱ्यांची आठवण हाच नकाशा. इतिहासाच्या पुस्तकांत लढाया जिंकणाऱ्यांची नावे येतात, वाटेतल्या पाण्याचा हिशेब ठेवणाऱ्यांची येत नाहीत. वास्तविक २९ नोव्हेंबर १८०३ रोजी वऱ्हाडात अडगावची लढाई जिंकणाऱ्या आर्थर वेलस्लीच्या फौजेचे धान्यही बंजाऱ्यांच्या बैलांवरच अवलंबून होते. सेवालाल महाराज तेव्हा हयात होते.

७/
१८६७ मध्ये लोहमार्ग नागपूरला पोहोचला आणि महिन्यांचा प्रवास दिवसांवर आला. लदेणी बुडाली. त्यातच १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आला, आणि काही भागांतील बंजारेही त्याच्या जाचात सापडले. या कायद्याखाली नोंद झालेल्यांना हजेरी द्यावी लागे, गाव सोडायला परवाना लागे. ज्यांचे जगणेच प्रवास होते, त्यांचा प्रवासच संशयास्पद ठरला. १९५२ मध्ये कायदा रद्द झाला. महाराष्ट्राच्या यादीत बंजारा आज ‘विमुक्त जाती’त आहेत, ते या इतिहासामुळे.

८/
तांडे स्थिरावले, पण पायांची भिंगरी थांबली नाही. दिशा तेवढी उलटली. पूर्वी घर सोबत चाले. आता माणसे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, बांधकामावर पुण्या-मुंबईला किंवा गोव्याला जातात आणि घर मागे राहते. अशा कुटुंबासाठी पोहरादेवीची वारी हीच उन्हाळ्याची सहल, नातलगांची भेट आणि मुलामुलींच्या सोयरिकीची बोलणीही असते.

९/
हा बेत जमवणे सोपे नाही. ऊसतोडीत हंगामापूर्वी मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती फिटण्याआधी कोयता खाली ठेवता येत नाही. कारखान्याचा पट्टा कधी पडेल हे पावसावर आणि उभ्या उसावर ठरते, तर मुलांच्या वार्षिक परीक्षा शाळा ठरवते. त्यात रामनवमी इंग्रजी तारखेला बांधलेली नाही. २०२३ मध्ये ती ३० मार्चला होती. मध्ये अधिक श्रावण आल्याने २०२४ मध्ये ती १७ एप्रिलला गेली, आणि २०२५ मध्ये ६ एप्रिलला आली. मार्चअखेरीस आली तर फडात ऊस उभा आणि परीक्षा डोक्यावर. एप्रिलच्या मध्यावर आली तर दोन्ही आटोपण्याची आशा.

१०/
रेल्वेचे आगाऊ आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी सुरू होते. त्यामुळे हैदराबाद किंवा मुंबईहून गाडीने येणाऱ्यांना माघ महिन्यातच पंचांग उघडावे लागते. वाशीम स्थानकात उतरले की पुढचा रस्ता बसने किंवा भाड्याच्या जीपने. यात्रेत भोग चढतो, अरदास होते, नगारा वाजतो. त्याच नगाऱ्याच्या आकाराच्या वास्तूत ५ ऑक्टोबर २०२४ पासून बंजारा विरासत संग्रहालय खुले झाले आहे. लदेणीचे जग पाहू इच्छिणाऱ्यांनी तेथे जावे, शक्यतो सकाळी लवकर.