तूप, मध आणि नळाचं पाणी



गेल्या चातुर्मासात चौक्यात महाराजांसाठी पाणी प्रासुक करताना पातेलं कलंडलं आणि माझ्या डाव्या मनगटावर उकळतं पाणी सांडलं. मी हात नळाखाली धरला, तोवर जाऊबाई तुपाची वाटी घेऊन धावल्या. "अगं, किती पाणी सोडतेस! जलकायिक जीवांची काही पर्वा?" मलाही ते पटलं, नळ बंद केला. संध्याकाळी टपोरे फोड. डॉक्टरांनी आधी तूप पुसून काढलं, ते पुसताना काय झालं ते सांगत नाही. हे तूप आपल्याकडे आलं कुठून, म्हणून मी वाचायला बसले.

फार जुनं आहे ते. सुश्रुतसंहितेत भाजण्याचे चार प्रकार आहेत: प्लुष्ट, दुर्दग्ध, सम्यग्दग्ध, अतिदग्ध. फोड येतात आणि आग होते ते दुर्दग्ध, म्हणजे साधारण आजचं 'सेकंड डिग्री'. त्यावर तूप सांगितलंय खरं, पण त्याबरोबर थंड लेप आणि थंड धारही सांगितली आहे. आपण वाटी लक्षात ठेवली, धार विसरलो.

युरोपात 1607 साली फाब्रिसिउस हिल्डानुस याने भाजण्याच्या तीन पायऱ्या मांडल्या. पण उपाय काय, यावर पुढेही भांडण चालूच. 1797 मध्ये इंग्लंडचा एडवर्ड केंटिश भाजलेल्यावर टर्पेंटाइन लावा म्हणत होता, तर दोनच वर्षांनी लंडनचा शल्यवैद्य जेम्स अर्ल थंडाव्याची बाजू मांडत होता. 1959 मध्ये आइसलँडच्या डॉ. ओफेइगसन यांनी पाण्याने गार करण्यावरचे आपले प्रयोग छापले. कारण साधं आहे. विस्तव दूर झाला तरी कातडीच्या आतली उष्णता खाली खाली जाळत राहते. वाहतं पाणी ती ओढून घेतं, तूप घेत नाही. म्हणून आता वीस मिनिटं गार वाहतं पाणी सांगतात. लगेच जमलं नाही तरी तीन तासांच्या आत धरलं तर उपयोग होतो. बर्फ मात्र नको.

आता आपल्या दृष्टीने गंमत. 1991 साली सोलापूरचे डॉ. सुब्रह्मण्यम यांनी 104 रुग्णांवरचा अभ्यास ब्रिटनच्या शस्त्रक्रियेच्या मासिकात छापला. निम्म्यांना नेहमीचं चांदीयुक्त मलम, निम्म्यांना मध. मधवाल्यांच्या जखमा लवकर भरल्या. म्हणजे अष्टमूलगुणांत ज्याचा आपण त्याग करतो तोच मध! त्याआधी 1985 मध्ये मुंबईचे डॉ. केसवानी यांनी उकडलेल्या बटाट्याच्या सालींची पट्टी वापरून पाहिली होती. कंदमूळ! आणि 2003 मध्ये मुंबईच्याच डॉ. गोरे आणि डॉ. अकोलेकर यांनी केळीच्या पानाची पट्टी अभ्यासली. स्वस्त, आणि काढताना जखमेला चिकटत नाही. या सगळ्या पट्ट्या दवाखान्यातल्या, निर्जंतुक केलेल्या. घरी परसातलं पान तोडून बांधू नका. मधाचं विचाराल तर, इतर पट्ट्या मिळत असताना मी तो लावून घेणार नाही. कोणाला डॉक्टरांनी सांगितलाच तर तिला नावंही ठेवणार नाही.

पाण्याबद्दल मात्र माझं मत आता पक्कं आहे. नळाला गाळण्याचं फडकं बांधलेलं असतंच. खाली बादली ठेवावी, ते पाणी पुढे फरशीला होतं. ज्या हाताने आहार द्यायचा तो हात महिनाभर गुंडाळून बसण्यापेक्षा एक-दोन बादल्या बऱ्या.

जाऊबाईंना हे सगळं वाचून दाखवलं. त्या काही बोलल्या नाहीत. पण परवा पुतणीच्या पायावर चहा सांडला, तेव्हा आधी पैंजण काढलं (सूज आल्यावर निघत नाही), पाय नळाखाली धरला आणि घड्याळ बघत बसल्या. फोड आला, तो फोडला नाही. वर स्वच्छ ओला सुती रुमाल सैल ठेवला. लहान मूल आणि जागा तळहाताहून मोठी, म्हणून लगेच दवाखान्यात नेलं. चेहरा, हात, सांधे भाजले तरी असंच न्यायचं.

तुपाची वाटी फडताळातच होती.