यांगत्झे नदी : जपानी अमलातील नौकानयन व व्यापार

ऑगस्ट १९३७ मध्ये जपानी आरमारास अटकाव व्हावा म्हणून चिनी सरकारने आपलीच जुनी जहाजे जिआंगयिन येथे पात्रात बुडवून बांध घातला. पण नानजिंग पडल्यावर (डिसेंबर १९३७) अशाच अडथळ्यांची व सुरुंगांची सबब सांगून जपानने परकीय व्यापारी जहाजांना नदी बंद केली, आणि लष्करी वाहतुकीच्या नावाखाली स्वतःचा व्यापारी माल मात्र बिनदिक्कत चालविला. ब्रिटन, अमेरिका व फ्रान्स यांच्या नोव्हेंबर १९३८ च्या निषेध-खलित्यांना नकारच मिळाला. शांघायच्या जकातीचा वसूल मे १९३८ पासून योकोहामा स्पीशी बँकेत जमा होऊ लागला. वस्तुतः नदीपेक्षा जकातीवरील हा जपानी कबजा अधिक मोलाचा होता. १९३९ मध्ये जपानी कंपन्यांची चीनमधील वाहतूक तोआ काइउन या एकाच कंपनीकडे एकवटली.

नागपूरचे डॉ. चोलकर व सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस ज्यात होते, ते चीनच्या मदतीस जाणारे भारतीय वैद्यकीय पथक १ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबईहून निघाले; नदीचे मुख शत्रूच्या हाती असल्याने ते कँटनला उतरून खुश्कीने हानकौला पोचले व तेथून यिचांगकडे गेले. त्या हिवाळ्याच्या तोंडावर यिचांगच्या धक्क्यावर जपानी आक्रमणापुढे हलविलेल्या कारखान्यांची यंत्रे उघड्यावर साचली होती, आणि लू झुओफू यांच्या मिनशेंग कंपनीच्या लहान आगबोटी ती दऱ्यांमधून चुंगकिंगकडे नेत होत्या.