जयपूरचा नकाशा आणि मोजमापाचा न्याय

सवाई जयसिंग दुसरे यांनी १७२७ मध्ये जयपूरची पायाभरणी केली. विद्याधर भट्टाचार्य यांच्या साहाय्याने आखलेल्या या नगरातील रस्ते, चौकड्या आणि बाजार हे सारे आधी नकाशावर ठरले. याच राजाने जंतरमंतर उभारले. पितळी यंत्रे आकाराने लहान असतात, त्यांचे आस झिजतात आणि त्यामुळे निरीक्षणे चुकतात, हे त्याने ओळखले होते. म्हणून त्याने दगड-चुन्याची प्रचंड यंत्रे बांधली. सुमारे २७ मीटर उंचीचे सम्राट यंत्र दोन सेकंदांपर्यंत अचूक स्थानिक वेळ दाखवते. निष्कर्षापूर्वी साधन तपासावे, हा त्यामागचा धडा होय.

आज शहरातील उष्णतेचे नकाशे उपग्रहांच्या आधारे तयार होतात. २०१३ मध्ये सोडलेल्या लँडसॅट ८ चा औष्णिक संवेदक सुमारे १०० मीटर लांबी-रुंदीचा चौकोन एकत्रित पाहतो. जवाहरनगरसारख्या दाट कच्च्या बस्तीत एवढ्या एका हेक्टरात कितीतरी घरे असतात. पत्र्याचे छत आणि शेजारचे झाड यांची तेथे एकच सरासरी होते. शिवाय उपग्रह दुपार होण्यापूर्वीच शहरावरून जातो आणि पृष्ठभागाचे तापमान मोजतो. रात्री बंद खोलीत साचलेला उकाडा त्याला दिसत नाही.

ही अडचण केवळ भारताची नाही. कॅलिफोर्नियाने २०१३ मध्ये ‘कॅलएन्व्हायरोस्क्रीन’ हे साधन आणले. प्रदूषण, आरोग्य आणि गरिबी यांच्या निर्देशांकांवरून ते वस्त्यांचा क्रम लावते आणि त्या क्रमावर शासकीय निधी अवलंबून असतो. त्यात दम्याचे प्रमाण रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागातील नोंदींवरून धरले जाते. साहजिकच, जे आजारी असूनही रुग्णालयात पोहोचत नाहीत, ते गणनेतून निसटतात.

जयपूरच्या कच्च्या बस्त्यांत महिला हाउसिंग ट्रस्टने स्थानिक स्त्रियांना सोबत घेऊन उष्णतेवर काम केले. छतांना परावर्ती पांढरा रंग देणे हा त्यातील एक उपाय. घरातला उकाडा सोसणाऱ्यांचा अनुभव अशा कामातून नोंदीत येऊ शकतो. उपग्रहाचे चित्र टाकाऊ नाही, पण त्याला खोलीतील तापमापकाची आणि रहिवाशांच्या साक्षीची जोड हवी. झाडे, पाणी आणि रंगाचा डबा कोणत्या गल्लीत आधी पोहोचणार, हे नकाशावरून ठरणार असेल, तर ती गल्ली नकाशात नीट मोजली गेली पाहिजे.