सरवा वेचणारा कॅमेरा

पीक काढून झाल्यावर शेतात पडून राहिलेल्या कणसांना, शेंगांना, दाण्यांना मराठीत ‘सरवा’ असे नेमके नाव आहे. मालकाचे धान्य घरी गेले की गावातील गोरगरीब, त्यांतही बहुतेक स्त्रिया, कमरेत वाकून तो वेचतात. फ्रान्समधील ज्येष्ठ दिग्दर्शिका आन्येस वार्दा यांनी याच विषयावर २००० साली ८२ मिनिटांचा माहितीपट केला. ‘ले ग्लानर ए ला ग्लानझ’ हे त्याचे नाव. मराठीत सांगायचे तर ‘सरवा वेचणारे आणि सरवा वेचणारी’. नावातील एकवचनी ‘वेचणारी’ म्हणजे खुद्द वार्दा. १९९९ च्या सप्टेंबरमध्ये त्या चित्रीकरणास निघाल्या तेव्हा त्या ७१ वर्षांच्या होत्या. ‘क्लेओ द सँक आ सेत’ (१९६२) सारखे चित्रपट त्यांच्या नावावर होते. हातात मात्र दुकानात कोणालाही विकत मिळेल असा, सोनी कंपनीचा टीआरव्ही ९०० हा छोटा कॅमकॉर्डर होता.

सहलीला जाणाऱ्या हौशी माणसासाठी घडवलेल्या यंत्राने पूर्ण लांबीचा प्रवासपट कसा उभा राहतो, याचे हे आजही अभ्यासण्याजोगे उदाहरण आहे. २०१४ साली ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश नियतकालिकाने घेतलेल्या कौलात या चित्रपटाला सर्वकालीन माहितीपटांच्या पहिल्या दहांत स्थान मिळाले. छोट्या कॅमेऱ्याने काय साधते, काय साधत नाही आणि त्याने टिपलेले पुढे कसे टिकते, हे तिन्ही प्रश्न या निमित्ताने पाहता येतात.

पासपोर्टच्या आकाराचा कॅमेरा

कॅमेरा आणि चित्रमुद्रक एकाच खोक्यात बसवलेले घरगुती यंत्र १९८३ साली सोनीच्या ‘बीटामूव्ही’च्या रूपाने बाजारात आले. ते खांद्यावर घ्यावे लागे आणि टिपलेले त्यावरच पाहण्याची सोय त्यात नव्हती. १९८९ साली त्याच कंपनीचा टीआर ५५ हा अवघ्या ७९० ग्रॅम वजनाचा हँडीकॅम आला. त्याची जाहिरातच ‘पासपोर्टच्या आकाराचा’ अशी होती. घरातील वाढदिवसांबरोबर प्रवास हाही या यंत्राचा हक्काचा विषय ठरला तो तेव्हापासून.

खरा बदल घडला १९९५ साली. ‘डीव्ही’ या अंकीय पद्धतीने चित्र व ध्वनी ६.३५ मिलिमीटर रुंदीच्या फितीवर आकड्यांच्या रूपात उतरू लागले. आपल्याकडे रूढ असलेल्या ‘पाल’ पद्धतीत हे चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचे आणि सेकंदाला २५ चौकटींचे असते. काड्यापेटीहून थोड्या मोठ्या ‘मिनी डीव्ही’ कॅसेटमध्ये ६० मिनिटांचे चित्रीकरण मावू लागले. १६ मिलिमीटर फिल्मचे ४०० फुटांचे रीळ जेमतेम ११ मिनिटांत संपते, हे लक्षात घेतले म्हणजे या सोयीचे मोल कळते. शिवाय ‘फायरवायर’ या जोडणीमुळे फितीवरील आकडे जसेच्या तसे संगणकात उतरवून घरच्या टेबलावर संकलन करणे शक्य झाले. माहितीपटाच्या वाटेवरील पैशाचा पहिला अडसर येथे बराच सैल झाला.

रस्त्यावरचा सरवा

वार्दा यांचा प्रवास सुरू होतो तो झाँ-फ्रान्स्वा मिले यांच्या १८५७ सालच्या प्रसिद्ध चित्रापासून. त्यात तीन स्त्रिया वाकून कणसे वेचत आहेत. आज ते कोण वेचते, हा साधा प्रश्न घेऊन त्या बटाट्याची शेते, द्राक्षमळे, समुद्रकाठची कालवे आणि शहरातील बाजार पालथे घालतात. आकाराने मोठे, वेडेवाकडे वा हिरवट म्हणून टाकून दिलेल्या बटाट्यांच्या ढिगात त्यांना हृदयाच्या आकाराचे बटाटे सापडतात आणि त्या ते घरी घेऊन येतात. एका द्राक्षमळ्याचा मालक एतियेन-ज्यूल मारे यांचा वंशज निघतो. हलत्या प्राण्यांची छायाचित्रे घेऊन सिनेमाचा पाया घालणाऱ्यांपैकी मारे हे एक. असे योग आधी लिहिलेल्या पटकथेत येत नाहीत. ते रस्त्यावर भेटतात, आणि तेव्हा कॅमेरा हाताशी असावा लागतो.

छोट्या कॅमेऱ्याचे मर्म एका दृश्यात लख्ख दिसते. वार्दा एका हातात कॅमेरा धरून आपल्याच दुसऱ्या, सुरकुतलेल्या हाताचे चित्रण करतात. महामार्गावर धावत्या मोटारीतून त्याच हाताच्या मुठीत समोरचे ट्रक ‘पकडण्याचा’ खेळ खेळतात. मोठ्या कॅमेऱ्याने व पथकाने हे घडले नसते. एकदा कॅमेरा बंद करायचा राहून गेला आणि भिंगाचे लोंबते झाकण चित्रित होत राहिले. तो तुकडा फेकून न देता त्यांनी त्याला जॅझ संगीताची जोड दिली. चुकलेल्या चित्रीकरणाचाही सरवा वेचता येतो, असेच जणू त्यातून सुचवले आहे.

मात्र एक गैरसमज टाळला पाहिजे. हा संपूर्ण चित्रपट एकटीने, एका छोट्या कॅमेऱ्यावर केलेला नाही. वार्दा यांच्यासोबत लहानसे पथक होते आणि अनेक दृश्ये व्यावसायिक डीव्ही कॅमेऱ्याने घेतली आहेत. जेथे जवळीक, अवचितपणा आणि स्वतःचा हात हवा होता तेथे छोटा कॅमेरा आला. चित्रीकरणही एका दमात उरकलेले नाही. प्रवास, परत येऊन संकलन, निवेदनाचे लेखन आणि पुन्हा प्रवास, अशा टप्प्यांनी ते पुढच्या वसंतापर्यंत चालले. यंत्र हलके असले तरी विचाराला लागणारा वेळ त्याने कमी होत नाही.

उजेड, आवाज आणि हात

छोट्या कॅमेऱ्याची पहिली मर्यादा उजेडाची. टीआरव्ही ९०० मध्ये तीन संवेदक होते, पण प्रत्येक फक्त पाव इंची. संवेदक लहान म्हणजे प्रकाश कमी गोळा होणार. संध्याकाळी किंवा घराच्या आत कॅमेरा आपोआप संवेदनक्षमता वाढवतो आणि चित्रावर रवाळ ठिपके उठतात. यावर उपाय सोपा आहे. माणसाला खिडकीजवळ बसवावे, खिडकी त्याच्या पाठीशी न ठेवता बाजूला ठेवावी आणि बाहेरची दृश्ये सकाळी व उतरत्या उन्हात घ्यावीत. प्रकाशमान व केंद्रबिंदू आपोआप ठरवण्याची सोय मुलाखतीच्या वेळी बंद करावी. अन्यथा मागून कोणी चालत गेले की चित्र मध्येच उजळते वा धूसर होते.

दुसरी मर्यादा आवाजाची, आणि हौशी प्रवासपट बहुधा येथेच पडतात. अंगच्या मायक्रोफोनला समोरच्या माणसाइतकाच वारा, फितीच्या मोटारीची घरघर आणि कॅमेरा धरणाऱ्याचा श्वास ऐकू येतो. अस्थिर चित्र प्रेक्षक सहन करतो, न समजणारे बोलणे मात्र सहन करत नाही. म्हणून कॅमेरा निवडताना बाहेरचा मायक्रोफोन व हेडफोन जोडण्याची सोय आधी पाहावी आणि झूमचे आकडे नंतर. कॉलरला लावण्याचा साधा मायक्रोफोन आणि वाऱ्यासाठी केसाळ आवरण एवढ्यानेही मोठा फरक पडतो. प्रत्येक ठिकाणी कोणी न बोलता एक मिनिटभर तेथील नुसता आवाज मुद्रित करून ठेवावा. संकलनात दोन तुकड्यांमधील भेग बुजवण्यास तोच उपयोगी पडतो.

तिसरी गोष्ट हाताची. हलका कॅमेरा जड कॅमेऱ्यापेक्षा अधिक हलतो, कारण त्याला स्थिर ठेवणारे वजन नसते. कोपर बरगडीला टेकवून, भिंतीचा वा खांबाचा आधार घेऊन आणि भिंग रुंद ठेवून हा दोष आटोक्यात येतो. झूमने जवळ जाण्याऐवजी पायाने जवळ जावे. प्रत्येक दृश्य निदान दहा सेकंद स्थिर धरावे. एका जागेचे दुरून, मध्यम अंतरावरून आणि जवळून असे तीन तुकडे घेतले, त्यांना रस्ता, पाटी, तिकीट, चहाचा पेला अशा जोडदृश्यांची साथ दिली, की संकलनात प्रवास ‘चालू’ लागतो.

फितीची शिस्त

मिनी डीव्हीवर काम करणाऱ्यांना काही नियम अनुभवाने पाठ झाले. फितीवर मध्ये कोरी जागा राहिली तर वेळांक पुन्हा शून्यापासून सुरू होतो आणि संकलनात गोंधळ उडतो. त्यामुळे टिपलेले मागे फिरवून पाहिल्यावर आधीच्या चित्राच्या टोकावरच पुढचे सुरू करावे लागे. ९० मिनिटांच्या ‘एलपी’ गतीचा मोह वाईट, कारण तशी फीत दुसऱ्या यंत्रावर चालेलच याची खात्री नसते. कॅसेट भरली की पुसण्यापासून रक्षण करणारी खिट्टी सरकवायची आणि ठिकाण, तारीख व क्रमांक तेथल्या तेथे लिहायचा. थंड हवेतून उबदार, दमट हवेत आल्यास आत दव साठते आणि फीत चिकटू नये म्हणून कॅमेरा स्वतःच काम थांबवतो. यासाठी तो बंद पिशवीत ठेवून हळूहळू बाहेरच्या तापमानाला येऊ द्यावा.

आज फीत गेली, चित्रे कार्डावर किंवा मोबाइलवर उतरतात. परंतु या शिस्तीतील गाभा शिळा झालेला नाही. एका कॅसेटचे ६० मिनिटांचे कुंपण माणसाला निवड करायला लावत असे. आज दिवसभराचे चित्रीकरण सहज साठते आणि ते पाहणार कोण, हा प्रश्न मागे राहतो. रोज रात्री अर्धा तास बसून त्या दिवसाचे चित्रण पाहणे आणि वहीत टिपणे, ही सवय कोणत्याही नव्या यंत्रापेक्षा मोलाची आहे.

समोरचा माणूस

छोटा कॅमेरा माणसाला बुजवत नाही, हा त्याचा सर्वात मोठा गुण सांगितला जातो. तोच त्याचा धोकाही आहे. आपले चित्रण होत आहे हे न कळताच माणूस पडद्यावर जाऊ शकतो. सरवा वेचणाऱ्याच्या, बाजार उठल्यावर भाजी उचलणाऱ्याच्या गरिबीचे चित्रण तर दुहेरी जोखमीचे. वार्दा यांना पॅरिसच्या बाजारात टाकून दिलेली भाजी व फळे उचलून खाणारा एक गृहस्थ दिसला. बोलणे वाढत गेले तसे कळले की तो जीवशास्त्रातील पदव्युत्तर शिक्षण घेतलेला असून संध्याकाळी स्थलांतरितांना विनामोबदला फ्रेंच लिहायला-वाचायला शिकवतो. पहिल्याच दिवशी दुरून झूम लावून चित्रण उरकले असते, तर पडद्यावर उरला असता तो केवळ ‘कचऱ्यातले खाणारा माणूस’.

वार्दा तेथेच थांबल्या नाहीत. ‘दोन वर्षांनंतर’ या अर्थाच्या नावाचा पुढचा माहितीपट २००२ साली करताना त्या याच माणसांकडे पुन्हा गेल्या. या गृहस्थाने तेव्हा त्यांना तोंडावर सांगितले, की चित्रपटात त्यांनी स्वतःविषयी घातलेला भाग अनावश्यक होता. वार्दा यांनी ही टीकाही चित्रपटात ठेवली. ज्याचे चित्रण केले त्याला ते दाखवणे आणि त्याचे म्हणणे ऐकून घेणे, हा प्रवासपट करणाऱ्याचा शेवटचा मुक्काम असतो. बहुतेक जण त्याच्या अलीकडेच उतरतात.

कपाटातील कॅसेटी

वार्दा यांचे २०१९ मध्ये निधन झाले. त्यांचा चित्रपट ३५ मिलिमीटर फिल्मवर उतरला, चित्रपटगृहांत गेला आणि म्हणून टिकला. हौशी प्रवाशांच्या फितींचे तसे नाही. १९९० आणि २००० च्या दशकांत पुण्या-मुंबईपासून परदेशातील मराठी घरांपर्यंत असंख्य कुटुंबांनी हँडीकॅमवर यात्रा, गावे, जत्रा आणि आता हयात नसलेली माणसे टिपली. मिनी डीव्हीचे कॅमेरे आता कारखान्यांतून येत नाहीत, जुन्यांची चुंबकी डोकी झिजत चालली आहेत आणि नव्या संगणकांना फायरवायरची जोडणी नसते. कॅसेट शाबूत असूनही ती चालवणारे यंत्र नाही, अशी वेळ अनेकांवर आली आहे.

यावर मार्ग आहे, पण तो लांबणीवर टाकण्याजोगा नाही. चालू स्थितीतील कॅमेरा मिळवावा आणि फायरवायर असलेल्या जुन्या संगणकावर फीत मूळ डीव्ही स्वरूपातच उतरवून घ्यावी. तासाभराच्या फितीला सुमारे १३ गिगाबाइट जागा लागते, म्हणजे आजच्या मानाने काहीच नाही. दुकानदार आटोपशीर केलेली फाइल देऊ करतो, पण मूळ आकडे हातचे सोडू नयेत. तीन प्रती कराव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर ठेवाव्यात आणि त्यांपैकी एक दुसऱ्या घरी असावी. चित्रात कोण, कोठे, केव्हा हे सांगणारी व्यक्ती आहे तोवर तिच्याकडून नावे लिहून घ्यावीत. निनावी चित्रण टिकूनही अर्धे हरवलेलेच असते.

वार्दा यांच्या चित्रपटात एक दृश्य आहे. सरवा वेचणारीच्या एका जुन्या चित्राशेजारी त्या खांद्यावर गव्हाची पेंढी घेऊन उभ्या राहतात. मग पेंढी खाली टाकतात आणि छोटा कॅमेरा उचलतात. सरवा वेचण्याचे काम मात्र पुढची पावसाची सर येण्याआधीच करावे लागते. शेतातील दाण्यांना लागू असलेला हा नियम कपाटातील कॅसेटींनाही तितकाच लागू आहे.